इंग्रजी विकिपीडियावर देवनागरी ‘बेळगाव’ का टिकत नाही

थोडक्यात प्रश्न असा: खानापूरच्या एका सदस्यानं इंग्रजी विकिपीडियावर शहराच्या लेखाच्या पहिल्या ओळीत देवनागरीत ‘बेळगाव’ घातलं, ते काढलं गेलं. तीनदा परत घातलं, आता इशारा आलाय. हे कन्नडवाल्यांचं काम का?

नाही. लेखाचा ‘इतिहास’ उघडून मागची संपादनं बघा, कन्नड लिपीतलं नावही तसंच उडवलेलं सापडेल. भारतविषयक लेखांच्या प्रस्तावनेत आणि माहितीचौकटीत भारतीय लिप्या घालायच्या नाहीत, असं तिथं चर्चेनं ठरलंय. कुठली लिपी ठेवायची आणि कुठली आधी, यावरून रोज ओढाताण व्हायची, म्हणून सगळ्यांनाच दार बंद. लिपी किंवा भाषा हाच विषय असेल तर सूट मिळते, शहराला नाही. हा संकेत फक्त इंग्रजी आवृत्तीचा. मराठी आणि कन्नड विकिपीडियांचे नियम त्यांचे त्यांचे, इंग्रजीतला निर्णय दाखवून तिथं भांडू नका.

आता चौथ्यांदा परत घालू नका. एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं काम उलटवलं की खातं अडवलं जाऊ शकतं. बरोबर तीनवर थांबलात म्हणजे सुटलात असंही नाही. हट्ट दिसला तर त्याआधीही अडवतात. लॉगआउट होऊन तेच केलं तर प्रकरण बनावट खात्यांवर जातं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘सगळे या रे’ म्हणून हाक देणं तर सगळ्यात वाईट. तिथं हात मोजत नाहीत, मुद्दा बघतात. एकाच संध्याकाळी उगवलेली दहा नवी खाती लगेच डोळ्यात भरतात.

खरी जागा लेखाच्या पोटात आहे. नावाच्या विभागात मराठी रूप रोमन लिपीत संदर्भासह द्या. इंग्रजी नाव अधिकृतपणे बेलगामचं बेळगावी झालं १ नोव्हेंबर २०१४ ला, तेव्हा मुंबई इलाख्याच्या काळातल्या वाक्यात ‘बेळगावी’ घुसलेलं दिसलं तर ते दुरुस्त करायला तुमची बाजू भक्कम आहे. पोलंडच्या ग्दान्स्क शहराच्या नावावरून असंच रणकंदन झालं होतं. २००५ मध्ये मतदान घेऊन १३०८ ते १९४५ या काळापुरतं ‘डान्त्सिग’, बाकी ‘ग्दान्स्क’ असं ठरलं. चर्चेत हा दाखला जरूर द्या, पण तो नियम त्या शहराचा, आपोआप इकडे लागू होत नाही.

सीमाभागातल्या किती गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, त्या आकड्यावरूनही असंच होतं. कुणी ८१४ लिहितं, कुणी ८६५, आणि दोघंही एकमेकांचं खोडतात. एकच आकडा खरा म्हणून ठोकू नका, आकडा कुणाचा ते वाक्यातच लिहा: महाराष्ट्र विधिमंडळाच्या डिसेंबर २०२२ च्या ठरावात ८६५ गावं आहेत. सीमावादासाठी केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगानं महाराष्ट्राला २६४ गावं द्यायची शिफारस केली, ती याच वाक्यात मिसळू नका. शिफारस वेगळी, दावा वेगळा. संदर्भ मराठी वृत्तपत्राचा चालतो, बातमीचं शीर्षक आणि तारीख पूर्ण द्या. महाराष्ट्र एकीकरण समितीचं पत्रक किंवा कन्नड संघटनेचं निवेदन, दोन्ही ‘ते असं म्हणतात’ एवढ्यापुरतंच.

आज करायचं ते असं: इशाऱ्याखाली ‘लिपीचा संकेत माहीत नव्हता, आता घालणार नाही’ एवढं लिहा. मग लेखाच्या चर्चा पानावर नवा विभाग काढून नेमकं कुठलं वाक्य, त्याजागी काय, आधार काय, हे चार ओळींत मांडा आणि आठवडाभर थांबा.