म्हादईवर वाद घालणार असशील तर

अरे भावा, काल रात्री दीडपर्यंत म्हादई नदीचं पाणी मलप्रभा नदीत वळवायच्या कर्नाटकाच्या कळसा-भंडुरा योजनेवरनं त्या गोव्याच्या माणसाशी भांडत बसलेलास ते बघितलं मी, मुद्दा चांगला होता की रे तुझा पण आकडा चुकला आणि तिथंच त्यानं तुला धरलं. म्हादईच्या पाणीवाटपाच्या लवादानं 2018 ला कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यातलं 8.02 वीजनिर्मितीला, मलप्रभेत वळवायचं फक्त 3.9. तू सगळंच वळवणार म्हणून मोकळा झालास.

हुबळी-धारवाडची तहान खरी आणि आपल्या बेळगावकडच्या खानापूरचं जंगलपण खरं, दोन्ही मान्य करून बोल, मग समोरचा ऐकतो तरी.

आणि कुणी मधेच मराठी-कन्नड काढलं तर घसरू नको. सीमाप्रश्नात माझापण जीव अडकलाय, महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, पण पाण्याच्या वादात तो नको. मी एकदा असाच चिडून एका कन्नड पोराला आईवरनं बोललो, तो निघाला आमच्या शेजारच्या गल्लीतला. माफी मागितली, पण अजून वाईट वाटतं.

राग आला की रिप्लाय लिहून ठेव, सकाळी चहा झाल्यावर परत वाच, मगच पाठव.