पाणी प्रत्यक्षच होतं!

अमळनेरच्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे : 'प्रत्यक्षात' आणि 'वास्तवात' एकमेकांच्या जागी चालतात का?

नाही चालत. उन्हाळा तापला की आपल्याकडच्या बातम्यांत हे वाक्य हमखास येतं : 'महामार्गावर पाणी दिसले, प्रत्यक्षात ते मृगजळ होते.' अहो, पाणी प्रत्यक्षच होतं, वास्तवात नव्हतं! भुसावळचा पारा ४५च्या पुढे गेला की डांबरालगतची हवा तापून विरळ होते, आभाळाचा उजेड त्या थरात वळून वर डोळ्यांत येतो. मोबाइलच्या फोटोतही तो उमटतो. डोळे खोटं बोललेले नाहीत.

प्रति अधिक अक्ष. अक्ष म्हणजे इंद्रिय. 'डोळ्यांसमोरचे' एवढ्यावर थांबणारे कोश अपुरे आहेत. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा वास हेही प्रत्यक्षच. कुणी न्यायशास्त्र, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, पुढे करील : न्यायसूत्रकार गौतमाने प्रत्यक्षाच्या व्याख्येत 'अव्यभिचारी', म्हणजे न चकवणारं, असं विशेषण घातलंय आणि त्याचा भाष्यकार वात्स्यायनाने मृगजळाचंच उदाहरण देऊन असं चकवणारं ज्ञान वगळलंय. पण खरेपणा शब्दातच असता तर ही अट वरून का घालावी लागली? बौद्धांकडेही तेच. तर्कपंडित दिङ्नागाने प्रत्यक्ष 'कल्पनारहित', म्हणजे मनाची भर नसलेलं, एवढंच म्हटलं, त्याच्यानंतरच्या धर्मकीर्तीला 'अभ्रांत', म्हणजे भ्रम नसलेलं, जोडावं लागलं. अटी शास्त्रकारांच्या, शब्द इंद्रियांपाशीच राहिला.

आणि हे सगळं आपल्या साध्या 'दिसणे'त आधीच आहे. संस्कृत 'दृश्यते', प्राकृत 'दीसइ', जुनी मराठी 'दिसे'. मूळ रूप कर्मणी! 'मला सातपुडा दिसतो' यात कर्ता सातपुडा आहे, मी नुसता 'मला'. अहिराणीतही तिथे 'माले'च. पाहणं, देखणं माणूस करतो. दिसणं त्याच्या हातात नाही. व्याकरणाची पुस्तकं 'अकर्मक' असा शिक्का मारून पुढे जातात, याचा मला राग येतो. माझं ठाम मत आहे की हे रूप ज्यांच्या तोंडी रुळलं, त्यांना जग आणि जगाचं दिसणं यांतलं अंतर पक्कं ठाऊक होतं. हा निव्वळ ध्वनिबदल आहे म्हणणाऱ्या पंडितांनी एवढंच सांगावं : यावलहून सातपुडा निळा 'दिसतो' असंच सगळे म्हणतात, निळा 'आहे' असं कुणी का म्हणत नाही?