श्रीमंतांचं शहर कुठलं आणि आपलं कुठलं?

तुम्ही विचारलंय की मोठ्या शहरांपैकी कुठली गडगंज लोकांसाठी बरी आणि कुठली साध्या नोकरदार माणसासाठी. सोबत लिहिलंय की तुम्ही दोघं नोकरी करता, मिळून महिन्याला लाखभर येतात, मुलगी बालवाडीत आहे आणि कोल्हापूर सोडावं का यावर घरात खल चाललाय.

मी कोल्हापुरातच, राजारामपुरीत कर सल्लागार आहे. जुलै आला की पुण्या-मुंबईला, बंगळूर-हैदराबादला गेलेली इथली पोरं फॉर्म १६ आणि भाडेपावत्या पाठवतात. गोकुळ शिरगाव आणि शिरोलीचे काही कारखानदारही माझ्याकडेच आहेत. दोन्ही तऱ्हेच्या घरांचा खर्च एकाच टेबलावर येत असल्यामुळे या विषयावर माझी मतं जरा ठाम झाली आहेत.

श्रीमंतांचं आधी उरकतो, त्यात फारसं काही नाही. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला कुठलंही मोठं शहर मानवतं. नळाला पाणी नसलं तर टँकर येतो, वीज गेली तर जनरेटर लागतो, दिल्लीची हवा नोव्हेंबरात बिघडली की खोलीखोलीत प्युरिफायर सुरू होतो आणि तरीही खोकला आलाच तर महिनाभर गोव्याला मुक्काम. ट्रॅफिक त्यालाही लागतं, पण मागच्या सीटवर बसून. त्यामुळे शहर निवडताना तो बघतो ते वेगळंच: कर किती, विमानतळ किती लांब, पोरांना शाळा कुठली, शेजारी आपल्या तोलाचे आहेत का. दुबईत वैयक्तिक उत्पन्नावर कर नाही, म्हणून तिकडे एक घर. भारतात वर्षातले किती दिवस काढले की इथले रहिवासी करदाते ठरतो, याची वही ठेवणारे लोक मी पाहिलेत. कायद्यात १८२ दिवसांची रेघ आहे, काहींसाठी १२० ची. लंडनमध्ये परदेशातल्या कमाईवर तिथं कर न भरता राहायची जुनी सोय होती. ती एप्रिल २०२५ पासून गेली, तर कोण मिलानला निघालं आणि कोण दुबईला याच्या बातम्या सुरू झाल्या. एका अर्थसंकल्पात त्यांचं आवडतं शहर बदलतं. आपल्याला आधी घरमालकाकडून डिपॉझिट सोडवून घ्यावं लागतं.

(जाता जाता: महाराष्ट्रात नोकरदाराचा व्यवसाय कर वर्षाला अडीच हजार. पगार महिना तीस हजार असो की तीस लाख, आकडा तोच.)

आपल्यासारख्यांनी शहर तपासायचं ते उलट्या बाजूने. जे विकत घ्यायची आपली ऐपत नाही, ते शहर देतं का? नळाचं पाणी, बस-रेल्वे, सरकारी दवाखाना, चालता येईल असा फूटपाथ, आणि पगाराच्या तिसऱ्या हिश्शात बसणारं भाडं. ज्या शहरात या गोष्टी साध्या माणसालाही श्रीमंतासारख्या विकत घ्याव्या लागतात ते शहर त्याचं नव्हे, मग तिथला पगार कितीही दिसो.

या हिशोबात मुंबई फार विचित्र बसते. सगळ्यात वरच्याला ती जमते आणि अंगमेहनतीवर जगणाऱ्यालाही जमते. मधल्याची मात्र पार दमछाक. आपल्या आजरा, चंदगड, भुदरगड भागातली माणसं पिढ्यानपिढ्या गिरण्यांत गेली. लालबाग-परळच्या चाळींत गावाची खोली असायची. गावाने मिळून घेतलेली एकच खोली आणि तिच्यात पंधरा-वीस गडी. भिंतीला खुंट्या, खाली ओळीने ट्रंका, प्रत्येकाची जागा ठरलेली. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीवरून आलेला त्याच जागेवर आडवा व्हायचा. जेवण खानावळीत, हिशोब महिन्याचा. गावाकडून नवा पोरगा आला तर त्याने राहायचं कुठं, हा प्रश्नच नव्हता. १९८२ चा संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि बहुतेक गिरण्या त्यातून पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. त्या जमिनींवर आज लोअर परळचे मॉल आणि टॉवर आहेत. काही गावांच्या खोल्या अजून टिकून आहेत. अशाच एका खोलीच्या पुनर्विकासात कुणाचं नाव लावायचं यावरून एका गावची दोन भावकी माझ्या ऑफिसात तावातावाने भांडून गेली. गंमत म्हणजे दोघांपैकी कुणालाच तिथं राहायला जायचं नव्हतं.

मुंबईने साध्या माणसासाठी अजून राखलेल्या दोन गोष्टी म्हणजे लोकल आणि दवाखाने. लोकलचं तिकीट पाच रुपयांपासून आहे. केईएम, सायन, नायर ही पालिकेची रुग्णालयं, आणि परळचं टाटा, जिथं इथला कॅन्सरचा पेशंट आजही महालक्ष्मी एक्स्प्रेसने जातो. नवा पैसा मात्र दुसरीकडे चाललाय. कोस्टल रोडवर चौदा हजार कोटींच्या घरात खर्च झाला, २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने खुला झाला, आणि त्यावर दुचाकीला बंदी. वांद्रे-वरळी सी लिंकवर बंदी, अटल सेतूवर बंदी. कोल्हापुरात असा रस्ता बांधला तर त्याच्यावर धावणार काय? लाखाच्या उत्पन्नात तुम्ही मुंबईत जाल म्हणजे खरं तर बदलापूरला किंवा विरारला जाल, आणि मुलगी तुम्हाला जागी दिसेल ती रविवारी.

पुणं आपल्याला आपलंच वाटतं. हायवेचं काम एकदाचं संपलं तर चार तासांवर आहे. ज्याने वीस वर्षांपूर्वी तिथं घर घेऊन ठेवलं त्याला पुण्यासारखं शहर नाही. नव्याने जाणाऱ्याला मी एका अशिलाचं, नाव झाकून, सोसायटीचं मेंटेनन्स बिल दाखवतो. वाघोलीकडची सोसायटी आहे. सुरक्षारक्षक, लिफ्ट, साफसफाई, सिंकिंग फंड, आणि शेवटून दुसरी ओळ 'टँकर'. जानेवारीच्या बिलात ही ओळ किरकोळ असते. एप्रिल-मेच्या बिलात तीच सगळ्यांत जाड. पोरगा सॉफ्टवेअरमध्ये आहे, पगार चांगला आहे, तरी म्हणतो, "काका, पाणीपट्टी भरतो, टँकरचे देतो, वर प्यायला जार वेगळा." मलबार हिलवरचा माणूसही गरज पडली तर टँकर मागवेल, पण त्याच्या महिन्याच्या हिशोबात ती ओळ शोधावी लागेल.

बंगळूर म्हणजे हेच, मोठ्या आकड्यात. तिथं कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून पंपाने चढवून आणतात. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअर आटले तेव्हा टँकरचे दर सरकारला ठरवून द्यावे लागले आणि प्यायच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला पाच हजार दंड लागला. वर दहा-दहा महिन्यांच्या डिपॉझिटची तिथली जुनी पद्धत. आता काही मालक कमी घेतात, पण विचारायला विसरू नका. आणखी एक भानगड आयकराची. घरभाड्याच्या सवलतीत वर्षानुवर्षं मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई या चारच शहरांना मूळ पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा होती. पुणे, बंगळूर, हैदराबादला ४० टक्के. भाडं मुंबईच्या तोडीचं आणि सवलत सांगलीएवढी, असं पोरांना दर जुलैत समजावून माझा घसा बसायचा.

बाकीच्यांचं थोडक्यात. हैदराबादला बंगळूरइतक्याच कामाला बंगळूरइतका पगार मिळत असेल तर हैदराबाद घ्या, त्याच भाड्यात खोल्या मोठ्या मिळतात. कोलकाता मोठ्या शहरांत स्वस्त. देशातली पहिली मेट्रो १९८४ साली तिथं सुरू झाली, ट्रामचा इतिहास तर १८७३ पासूनचा, पण तिथली पोरंच नोकरीला बंगळूर-पुण्याला येतात. दिल्लीने मेट्रो उत्तम बांधली, २००२ पासून वाढवत नेली, बायकांना बसचा प्रवास फुकट केला. साध्या माणसाला इतकं देणारं शहर आपल्याकडे क्वचितच असेल, फक्त हवा द्यायची राहिली. लहान मूल असताना मी तरी जाणार नाही.

परदेशाचं विचारलंय म्हणून दोन नावं. एक व्हिएन्ना. तिथं महापालिकेच्याच मालकीची सव्वादोन लाखांच्या आसपास घरं आहेत, आणि निम्म्याच्या आसपास शहर पालिकेच्या किंवा अनुदानाच्या घरात राहतं. हे १९२० च्या दशकापासून चालू आहे. डॉक्टर आणि बसचा ड्रायव्हर एकाच जिन्यात भेटतात, त्यामुळे पालिकेचं घर म्हणजे गरिबाचं घर असा शिक्का बसत नाही. पाणी आल्प्सच्या झऱ्यांवरून उताराने येतं, पहिली वाहिनी १८७३ ची आणि दुसरी १९१० ची. आपली काळम्मावाडी धरणावरून कोल्हापूरला येणारी थेट पाईपलाईन कितीक आंदोलनं आणि निवडणुका खाऊन २०२३ मध्ये शहरात पोचली, त्यामुळे हे वाचून मला जरा वाईटच वाटलं. पण व्हिएन्नातही बाहेरून आलेल्याला पालिकेचं घर लगेच मिळत नाही, आधी दोन वर्षं तिथं राहावं लागतं.

दुसरं सिंगापूर. लोक त्याला श्रीमंतांचं शहर समजतात, आणि आहेच. पण तिथले नागरिक आणि कायम रहिवासी मिळून पाऊणहून जास्त लोक सरकारी मंडळाने बांधलेल्या, ९९ वर्षांच्या कराराच्या घरांत राहतात. ते मंडळ १९६० चं. आणि चारचाकी हवी असेल तर गाडीच्या किमतीवर दहा वर्षांच्या परवान्याची बोली लावायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाडीचा नुसता परवाना दीड लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेला, आपले नव्वदेक लाख रुपये. गाडीवाल्याने एवढे मोजायचे आणि बाकीच्यांनी मेट्रोने सुखाने जायचं, ही कल्पना मला एकदम पटते. अर्थात तिथले टॉवर बांधणारे तमिळ आणि बांगलादेशी मजूर डॉर्मिटरीत राहतात, ते त्या पाऊण हिश्शात मोजलेले नाहीत.

आता आपलं गाव. कोल्हापूर मोठं शहर नाही, पण तुमच्या निर्णयात त्याचं पारडं आहेच. गंगावेशीत सकाळी म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसासकट दूध पेल्यात मिळतं. तिथं फौंड्रीचा मालक आणि त्याच्याकडचा टर्नर शेजारी उभे राहून पितात, पैसे दोघांना सारखेच. रंकाळ्यावर फिरायला तिकीट नाही. ऑफिसातून दुपारी घरी जाऊन जेवून येता येतं. वाईट बाजूही आहे: केएमटीची, म्हणजे पालिकेच्या बसची, वाट बघण्यापेक्षा माणूस चालत पोचतो, २०१९ आणि २०२१ च्या पुरात हायवेच बंद पडला, आणि शिकलेल्या बायकांना त्यांच्या शिक्षणाजोगी नोकरी इथं कमी. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून बाहेरचे वकील जागा बघतायत, त्यामुळे ताराबाई पार्क, नागाळा पार्कात भाडं सांगताना एजंटाचा आवाज बदललाय.

तुमचा खरा प्रश्न मिसेसच्या नोकरीचा दिसतो. ती इथं टिकत असेल, किंवा आठवड्यातले तीन-चार दिवस घरून करता येत असेल, तर हलू नका. लाखात इथं तुम्ही ऐसपैस राहाल. टिकत नसेल तर पहिलं हैदराबाद बघा, आणि आईवडील इथं असतील तर पिंपरी-चिंचवड. तिथं २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे, पण पालिकेचं आहे. पहिली दोन वर्षं घर विकत घेऊ नका, एजंट कितीही मागे लागला तरी. आणि भाड्याचं घर पसंत पडलं की डिपॉझिट देण्याआधी मालकाकडून गेल्या एप्रिल-मेचं मेंटेनन्स बिल मागून घ्या. द्यायला का-कू करू लागला तर दुसरी सोसायटी बघा.