टाचेच्या मागची शीर दोन महिने दुखतेय, गोळ्यांनी फरक नाही. आणखी काय उपाय आहेत?

गोळी घेतली की दबतं, सोडली की परत दुखतं, आराम करूनही धावायला लागलं की तेच, असं तुम्ही लिहिलंय. मी दादरला फिजिओ आहे, जानेवारीतली मॅरेथॉन जवळ आली की अशाच टाचा घेऊन माणसं येतात.

ही शीर म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी दोरी, अकिलीस टेंडन. आधी ती चाचपून बघा. टाचेच्या हाडाच्या दोन ते सहा सेंटिमीटर वर, शीर चिमटीत धरल्यावर कळ येते, की ती हाडाला चिकटते तिथेच? पुढचं सगळं यावर ठरतं.

एवढ्या जुन्या दुखण्यात दाह फारसा उरलेला नसतो, शिरेचे धागेच विस्कटलेले असतात. गोळीने कळ दबते, धागे सुधारत नाहीत. नुसत्या आरामाने शीर आणखी कमजोर होते, मग पहिले पाढे पंचावन्न. तिला हळूहळू वजन पेलायला लावावं लागतं.

मधोमध दुखत असेल तर कठडा धरून पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहा. चांगल्या पायाच्या जोरावर टाचा उचला, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीखाली उतरवा. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा, अशा ३ फेऱ्या. तेवढंच गुडघा किंचित वाकवून. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. स्वीडनचे ऑर्थोपेडिक सर्जन अल्फ्रेडसन यांची १९९८ची ही पद्धत. दहापैकी पाचपर्यंत दुखलं तर चालेल. दुसऱ्या सकाळी पाय जास्त आखडला तर फेऱ्या कमी करा. हाडापाशी दुखत असेल तर मात्र टाच पायरीखाली न्यायची नाही, जमिनीवरच करा, आणि बुटात टाचेखाली छोटी गादी घाला.

धावणं बंद केलंय म्हणणारे फास्ट लोकलसाठी पुलावर दोन-दोन पायऱ्या चढतात. तेही धावणंच.

शिरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन नको, ती तुटायचा धोका असतो. पीआरपी, म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन, महाग, आणि चाचण्यांत ते खोट्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलेलं नाही. तीन महिने नेटाने व्यायाम करूनही अडलं तर शॉकवेव्हचा, म्हणजे यंत्राने बाहेरून शिरेवर ध्वनिलहरींचे ठोके देण्याचा, विचार करा. ऑपरेशन अगदी शेवटी. आणि हल्ली सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स घेतली असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यांनीही ही शीर दुखावते.

मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटून त्या पायाच्या चवड्यावर उभंच राहता आलं नाही, तर व्यायाम वगैरे काही नाही, त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे जा.