तिसऱ्या वाढदिवसाच्या आत न्यू जर्सीला या

तुमचा प्रश्न वाचला. मुलगा सव्वादोन वर्षांचा, आधाराशिवाय चालत नाही, शब्द फुटलेले नाहीत, फिट्सचं औषध चालू. मिस्टरांना कंपनी ऑक्टोबरमध्ये एल-1 वर (कंपनीच्या अंतर्गत बदलीचा अमेरिकी व्हिसा) न्यू जर्सीला पाठवतेय आणि घरचे म्हणताहेत, "वर्षभर थांबा, पोराला जरा सुधारू द्या, मग जा." आमची लेक साधारण अशीच. इथे न्यू जर्सीत, एडिसनला आलो तेव्हा तीही दोन-सव्वादोनचीच होती. माझं मत विचाराल तर, यायचं नक्की असेल तर थांबू नका.

कारण इथलं सगळं तिसऱ्या वाढदिवसावर फिरतं. तीन वर्षांच्या आतल्या, विकासात मागे असलेल्या मुलांसाठी 'अर्ली इंटरव्हेन्शन' ही थेरपीची सरकारी योजना असते. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, आईनेच त्यांना फोन करायचा. व्हिसा कुठला हे पात्रतेत धरत नाहीत. फोन केल्यापासून 45 दिवसांत मुलाची तपासणी आणि पहिली आराखड्याची मीटिंग व्हायला हवी, असा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियम आहे. न्यू जर्सीत विकासाच्या (चालणं, बोलणं, समज वगैरे) एका बाबतीत 33 टक्के किंवा दोन बाबतींत प्रत्येकी 25 टक्के मागे असलं की मूल पात्र ठरतं. तुमच्या वर्णनावरून ते अवघड जाऊ नये. तपासणी फुकट, पुढच्या थेरपीचे पैसे उत्पन्नाप्रमाणे. मात्र तिसऱ्या वाढदिवसाला 45 दिवसही उरले नसतील, तर तपासणी करण्याचं बंधन त्यांच्यावर राहत नाही. म्हणजे राहायला आलात की सामान लावायच्या आधी फोन करा.

आता एक धक्का आधीच पचवून ठेवा. पुण्यात आपण रोज सेंटरला नेतो, पाऊण तास आत, आपण बाहेर बाकावर. इथे थेरपिस्ट घरी येते, तीही बहुधा आठवड्यातून एक तास, आणि त्या तासात मुलाइतकंच तुम्हाला शिकवते. आमची आजीबाई (सासूबाईंना लेक तसंच म्हणते) पहिल्या दिवशी म्हणाल्या, "ही तर नुसती गप्पा मारून गेली!" नुसत्या गप्पा नव्हत्या. तिने खेळणी आणली नव्हती. ओट्यावर भिजवलेली कणीक होती, तिचाच छोटा गोळा घेऊन लेकीला दोन बोटांनी चिमटा काढायला लावला. मग मिसळणाच्या डब्यातली वाटी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर ठेवली आणि लेकीला तिच्यासाठी चढायला लावलं. उरलेले सहा दिवस तेच मी करायचं. ज्यांना हे झेपलं त्यांना फायदा झालेला मी पाहिलाय. ज्यांना रोजचं सेंटर हवं असतं त्यांना खासगी थेरपी घ्यावी लागते, आणि मग विमा येतो.

आणि हो, "घरी इंग्रजीच बोला" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही. तपासणी मुलाच्या घरच्या भाषेत मागायचा हक्क आहे, मराठी दुभाषी मागा.

तीन पूर्ण झाले की जबाबदारी गावाच्या शाळा-डिस्ट्रिक्टची, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेची. आधीपासून अर्ली इंटरव्हेन्शनमध्ये असाल तर वाढदिवसाच्या निदान 90 दिवस आधी बदलाची मीटिंग होते आणि वाढदिवसापर्यंत आयईपी (मुलाचा शाळेतला लेखी आराखडा) तयार असावा लागतो. वर्षभर थांबून आलात तर सुरुवात थेट डिस्ट्रिक्टला पत्र लिहून: 20 दिवसांत पहिली मीटिंग, मग तुमच्या संमतीपासून 90 दिवस. सगळं वेळेवर झालं तरी जवळजवळ चार महिने. शिवाय घर घेताना स्टेशनपासूनचं अंतर बघतो तसं डिस्ट्रिक्टचा खास मुलांचा प्रीस्कूल वर्गही बघा. तिथल्या आयांना विचारा, वेबसाइटवर सगळे छानच असतात.

विम्याचं. आधीचा आजार म्हणून नोकरीचा विमा मुलाला नाकारू शकत नाही. पण मिस्टरांना एचआरला एकच प्रश्न विचारायला सांगा: प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का, म्हणजे उपचारांचे पैसे विमा कंपनी नव्हे तर तुमची कंपनीच भरते का? न्यू जर्सीचा 2009 चा कायदा ऑटिझम आणि इतर विकासात्मक अडचणींसाठी थेरपी द्यायला लावतो, पण तो राज्याच्या नियमांत येणाऱ्या प्लॅनना. मोठ्या कंपन्या बहुधा सेल्फ-फंडेड असतात, त्यांना तो लागू नाही. मग वर्षाला किती स्पीच थेरपी, किती ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), हे लेखी मागवा. दुसरं, बहुतेक प्लॅनचं डिडक्टिबल (विमा सुरू व्हायच्या आधी आपण खिशातून भरायची रक्कम) जानेवारीत पुन्हा शून्यापासून सुरू होतं. ऑक्टोबरात आलात तर तीन महिन्यांत दोनदा भरावं लागेल. म्हणून एमआरआय, बेरा (कानाची तपासणी), जेनेटिक टेस्ट पुण्यातच उरका. एमआरआयची फिल्म नको, सीडी किंवा पेन ड्राइव्ह आणा. लहान मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट काही महिन्यांनी मिळते, तेव्हा विमा सुरू झाल्याच्या दिवशी नंबर लावा.

औषधाबाबत मात्र जिवावरची काळजी घ्या. भारतातलं व्हॅल्प्रोएटचं (फिट्सचं एक औषध) नेहमीचं सिरप 5 मिलीला 200 मिलिग्राम असतं, इथलं 250. "सकाळी 3 मिली" असं लिहिलेला कागद इथे धोक्याचा. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव आणि डोस मिलिग्राममध्ये इंग्रजीत लिहून घ्या, ब्रँड इथे कोणाला कळत नाही. तीन महिन्यांचा साठा मूळ पॅकिंगमध्ये, प्रिस्क्रिप्शनसकट, हातातल्या बॅगेत. क्लोबाझॅम (हेही फिट्सचंच) असेल तर ते इथे नियंत्रित औषध आहे, कागद चोख हवेत. फिट आल्यावरच्या नाकातल्या स्प्रेचंही विचारून ठेवा, या वयाला इथे बऱ्याचदा त्याऐवजी गुदद्वारातून द्यायचं डायझेपाम जेल लिहून देतात. शाळेत हे सगळं नर्सकडे लेखी जातं, 2020 पासून इथे त्यासाठी वेगळा कायदा आहे.

तुम्हाला एल-2 वर (एल-1 वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) नोकरी करता येईल, पण निदान सुरुवातीचे महिने मोकळे ठेवा. फोन, फॉर्म, मीटिंग, हीच एक नोकरी आहे. आजी-आजोबांना टूरिस्ट व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिने मिळतात, तेव्हा दोन्हीकडच्यांना एकदम बोलावू नका.

आणि घरचे विचारत नसतील, पण तुम्ही विचारायलाच हवं: पुढे काय? शाळा एकविसाव्या वर्षापर्यंत सांभाळते. आपल्या व्हिसावर मुलाचं अवलंबून असणंही एकविसाव्या वर्षीच संपतं. अपंगांसाठीचा सरकारी भत्ता या व्हिसावर मिळत नाही आणि भारतीयांची ग्रीन कार्डची रांग फार लांब आहे. एल-1 ची मुदत प्रकाराप्रमाणे पाच किंवा सात वर्षं. तेव्हा यूडीआयडी कार्ड (भारत सरकारचं अपंगत्वाचं ओळखपत्र) काढल्याशिवाय निघू नका, आणि पुण्यातल्या डॉक्टरांशी संबंध तोडू नका. आम्ही दर भारतवारीत लेकीला तिच्या जुन्या डॉक्टरांना दाखवतो, परत जायचं ठरलं तर फाइल चालू असावी म्हणून.

प्लॅनचं कळलं की इथेच लिहा. कुठलं गाव घेताय तेही सांगा, आमची मिडलसेक्स काउंटी असेल तर बरंच सांगता येईल.