दोन महिन्यांच्या बाळाला सर्दी झाली आहे, दूध तोंडात धरतं आणि सोडून रडतं. शांत कसं करावं?

दूध कमी पडत नाहीये. नाक चोंदलंय.

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी जाता जाता लिहिलंय, 'घरातले म्हणतात आईचं दूध पुरत नसेल म्हणून रडतं'. ते वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. सर्दीवर सल्ला देणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील.

माझी मुलगी तेव्हा साधारण तुमच्या बाळाएवढीच होती. थोरल्या जाऊबाईंच्या मुलाने शाळेतून सर्दी आणली आणि घरभर वाटली. मोठ्यांचं शिंकण्यावर निभावलं, हिचं नाही. आडवी केली की नाकात घुरघुर सुरू. पाजायला घेतलं की अधाशासारखी तुटून पडायची, चार घोट घ्यायची आणि तोंड काढून किंचाळायची. परत धरायची, परत सोडायची. ती लालबुंद, मी घामाघूम. जाऊबाई दारात उभ्या राहून हे बघत होत्या. जरा वेळाने त्यांनी निकाल दिला, "अगं, येतच नाहीये तुला. पोर उपाशी आहे. पावडरच्या दुधाचा डबा आणायला सांगते." सासूबाई गप्प. नवरा म्हणाला, "आणून तर ठेवू." ते तीन शब्द माझ्या अजून लक्षात आहेत आणि त्याच्याही लक्षात राहतील अशी मी व्यवस्था केलेली आहे.

एवढी लहान बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. तोंडाने येतच नाही असं नाही, रडताना घेतातच. पण पिताना तोंड अडकलेलं असतं आणि सगळी भिस्त नाकावर. चोखणं, गिळणं आणि श्वास हे तिन्ही एका लयीत चालतं. नाक बंद असलं की दर चार घोटांनी बाळाला दूध सोडून श्वास घ्यावा लागतो. भूक तशीच राहते, म्हणून ते चिडतं. बाटली दिली असती तरी हेच झालं असतं, कारण बाटलीही तोंडातच जाते. एवढी साधी गोष्ट दोन मुलं वाढवलेल्या बाईला सुचू नये?

दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्या बाईंनी आधी छाती तपासली, मग मुलीला काट्यावर ठेवलं. वजन छान वाढलेलं होतं. "दिवसाला सहा-सात लंगोट ओले करते ना? मग दूध भरपूर आहे. पाजण्याआधी नाक साफ करा," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, डॉक्टर, हे कागदावर लिहून द्या. त्या हसल्या, पण दिलं लिहून. तो कागद मी फ्रीजच्या दारावर लावला, नेमका जाऊबाईंच्या नजरेच्या उंचीवर.

आता नाकाचं. मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात, सलाईनचे. घरी मीठ ढवळून करू नका, प्रमाण चुकतं आणि पाणीही निर्जंतुक नसतं. बाळाला उताणं ठेवून दोन्ही नाकपुड्यांत एक-दोन थेंब, मग मिनिटभर थांबायचं. पुष्कळदा शिंक येऊन काम होतं. नाही आली तर रबरी फुगा. तो आधी बाहेर दाबायचा, मग टोक नाकपुडीच्या तोंडाशी हलकेच टेकवायचं आणि सावकाश सोडायचा. आत लावून दाबलात तर शेंबूड आणखी आत जाईल. हे सगळं पाजण्याआधी करा, नंतर केलंत तर प्यायलेलं बाहेर येईल. आणि सारखा फुगा लावू नका, नाक आतून सुजतं आणि जास्तच चोंदतं. दिवसातून तीन-चार वेळा पुरे. कापसाच्या काड्या नाकात घालायच्या नाहीत. एका वेळी कमी पाजा, पण वारंवार पाजा. वरचं पाणी नको.

पण बाटली नीट वाचून घ्या! मोठ्यांच्या चोंदलेल्या नाकाचे थेंबही अशाच छोट्या बाटलीत येतात आणि त्यात झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीन असतं. तान्ह्या बाळाला त्याने गुंगी येऊ शकते, श्वास आणि हृदयाचे ठोके मंदावू शकतात. आमच्याकडे भावजींची तसली बाटली होती आणि "अर्धाच थेंब घाल, एका मिनिटात मोकळं होतं" असा सल्लाही आला होता. कुणाचा ते सांगायला नको. मी बाटली उचलून कपाटात कुलपात ठेवली. त्यावरून जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सर्दीचं गोड औषधही त्याच पंक्तीतलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 सालीच सांगून ठेवलंय की दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी सर्दी-खोकल्याची औषधं दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, जिवावर बेतू शकतं. कापूर असलेलं मलम नको, वाफेचं भांडं नको (बाळं भाजतात), वर्षाच्या आत मध तर बोटभरही नको. शेंबूड हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक मागायला धावू नका. सर्दी विषाणूची असते, त्यावर त्याचा उपयोग नाही, आणि हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो.

रात्री काय करायचं, हा तुमचा खरा प्रश्न. जागं असेल तेव्हा खांद्यावर उभं धरा, उभ्याने नाक जरा मोकळं वाटतं. मी आणि नवरा पाळ्या लावून खोलीत फेऱ्या मारायचो. 'आणून तर ठेवू'ची भरपाई म्हणून मध्यरात्रीची पाळी त्याची. झोपलं की मात्र सपाट गादीवर उताणंच ठेवायचं. डोक्याखाली उशी किंवा घडी नको, तिरकी झोळी किंवा खुर्ची नको, मान पुढे पडून श्वास अडतो. यापेक्षा जादूचा उपाय माझ्याकडे नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्दी जोरात असते, तेवढं काढा.

हे सगळं साध्या सर्दीपुरतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर फोन करत बसू नका, लगेच दाखवा, आणि स्वतःच्या मनाने तापाचं औषध देऊ नका. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा: दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, म्हणजे दवाखाना. फासळ्यांखाली छाती आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, कण्हत असेल, नेहमीच्या निम्मंही पीत नसेल, सहा-आठ तास लंगोट कोरडा असेल तर रात्र बघू नका. ओठ निळसर दिसले तर थेट रुग्णवाहिका. वेळेआधी जन्मलेलं किंवा हृदयाचा त्रास असलेलं बाळ असेल तर यातलं काही दिसायची वाटच बघायची नाही.

आणि हो, काही आयांना दूध खरोखर कमी येतं. डब्याचं दूध म्हणजे विष नव्हे. पण ते काट्यावरचं वजन आणि ओले लंगोट बघून ठरवायचं, दारात उभं राहून नाही.

जाऊबाई अजूनही म्हणतात, ती सर्दी काय, आपोआपच गेली. बरोबर आहे त्यांचं, विषाणूची सर्दी आठ-दहा दिवसांत आपोआपच जाते. मग सर्दीबरोबर माझं दूधही आपोआप वाढलं का, असं मी विचारलं की त्यांना स्वयंपाकघरात काम आठवतं.