जबड्याच्या उपचारासाठी मानेचे मणके कशाला बघतात?

तुमचा प्रश्न असा: मुलगा 12 वर्षांचा, खालचा जबडा मागे. फोंड्याहून बांबोळीच्या दंत महाविद्यालयात नेलं, तर डॉक्टरांनी बाजूचा एक्स-रे काढून मानेचे मणके पाहिले आणि सहा महिने थांबायला सांगितलं. असं का?

मणके जबडा वाढवत नाहीत. वयात येताना शरीराची वाढ जोर धरते, तेव्हा मणके आणि जबडा साधारण बरोबरीने बदलतात. जबड्याची वाढ एका एक्स-रेत कळत नाही, मणक्याचा आकार मात्र कळतो. वयावर विसंबता येत नाही, कारण 12 वर्षांच्या दोन मुलांत वाढीचा दोन वर्षांचा फरक सहज असतो.

एक्स-रे उजेडासमोर धरा. वर बोटासारखं टोक असलेला तो दुसरा मणका, त्याखाली तिसरा आणि चौथा. या तिघांची खालची कड बघा. तिन्ही सपाट असतील तर जोराची वाढ अजून दोनेक वर्षं लांब. फक्त दुसऱ्याला खालून खोलगटपणा आला असेल तर वर्षभर लांब. तिसऱ्यालाही आला आणि चौथा अजून सपाट असेल, तर खालच्या जबड्यासाठी हीच वेळ. चौथाही खोलगट झाला की जोर सरत आलेला असतो.

ट्विन ब्लॉकसारखं, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं उपकरण फार लवकर दिलं तर उपचार लांबतो आणि मूल कंटाळून ते वापरणं सोडतं. फार उशिरा दिलं तर जबड्याऐवजी दातच पुढे कलतात. वेळ साधली तरी जबड्याला मिळतात ते काही मिलिमीटरच, हे मी पालकांना आधीच सांगतो.

वाचन चुकतंही. मान वाकडी असली किंवा गळ्याला थायरॉइड कॉलर (एक्स-रेच्या किरणांपासून गळा वाचवणारा पट्टा) बांधलेली असली तर नेमके तिसरा-चौथा मणके झाकले जातात. मधल्या अवस्थेत दोन डॉक्टरांचं मत वेगळं पडू शकतं. म्हणून दर तीन महिन्यांनी मुलाला अनवाणी भिंतीला टेकवून उंची लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत ती वही न्या. उंची झपाट्याने वाढू लागली तर सहा महिने पुरे व्हायची वाट बघू नका, आधीच दाखवा. मुलींमध्ये पाळी सुरू झालेली असेल तर हा जोर बहुधा ओसरलेला असतो.

दोन बाबतींत मात्र थांबू नये. वरचा जबडाच लहान असेल तर उपचार मणके सपाट असतानाच हवा. आणि वरचे दात फार पुढे असून मुलगा रोज फुटबॉल खेळत असेल, तर दात तुटण्याची भीती मोठी: माउथगार्ड (खेळताना दातांवर बसवायचं संरक्षक कवच) आजच घ्या आणि दात आधी मागे घेता येतील का, हे डॉक्टरांना विचारा.